युरियाच्या गोणीचा उणे भाव

शेतीच्या इतिहासात २०१० हे साल सहसा कुणी काढत नाही. परभणीच्या शिवारातून मागे वळून पाहताना मला मात्र तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. त्या वर्षी केंद्र सरकारने तीन महिन्यांच्या अंतराने दोन निर्णय अमलात आणले. १ एप्रिलपासून डीएपी, पोटॅश यांना पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान लागू झालं आणि त्या खतांचे भाव ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या. युरिया तेवढा सरकारने बांधून दिलेल्या भावातच राहिला. १ जुलैपासून कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला. तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. हवा तापवणाऱ्या कोळशाला देशात पहिल्यांदा किंमत लागली आणि त्याच वर्षी हवा तापवणारं खत किमतीच्या बाहेर राहिलं. शेतीतून निघणाऱ्या हरितगृह वायूंना किंमत लावावी का, यावर जग वीस-बावीस वर्षं भांडतंय. आपण त्याचा निकाल तेव्हाच, एक अक्षर न बोलता लावून मोकळे झालो.

युरियाचा मूळ भाव २०१२ पासून टनाला ५,३६० रुपयांवर थांबलेला आहे. २०१८ मध्ये गोणी ५० किलोची ४५ किलोची झाली. कडुलिंबाचं आवरण आणि कर धरून ती २६६ रुपये ५० पैशांना पडते. ऐन पावसात ती लिंकिंगशिवाय हाती लागली तर नशीब. नाहीतर नको असलेली सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली सोबत घ्यावीच लागते. या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. आपल्या भारी काळ्या जमिनीत श्रावणातला मोठा पाऊस पडून पाणी साचलं, की मातीतली हवा कोंडते आणि सूक्ष्म जीव या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड करून वर सोडतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. आंतरराष्ट्रीय हवामान समितीने ठरवलेल्या सरासरी प्रमाणाने हिशेब केला, तर एका गोणीमागे शेतातूनच सुमारे १२० किलो कार्बन डायऑक्साइडइतका बोजा हवेत जातो. कारखान्यातला धूर यात धरलेला नाही.

आता अनुदान बघा. २०२२-२३ मध्ये देशाचं खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेलं. त्या सुमारास एका गोणीची खरी किंमत सुमारे २,२०० रुपये असल्याचं खुद्द सरकार सांगत होतं. म्हणजे गोणीमागे एकोणीसशे रुपये तिजोरीतून. ते १२० किलोंवर वाटले तर टनामागे पंधरा-सोळा हजार रुपये होतात. उत्सर्जनाला किंमत लावणं दूरच, त्या जागतिक भाववाढीच्या वर्षी आपण टनामागे एवढे पैसे उलट मोजत होतो. हे अनुदान अन्नासाठी होतं, हवा बिघडवण्यासाठी नव्हतं, हे मला मान्य आहे. पण त्याचा परिणाम पिशवीवर छापलेला नसला तरी जमिनीत उतरला आहे.

युरिया इथे इतका का मुरला, हे समजायला आणखी मागे जावं लागतं. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं, तेच आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. ते वर्ष दुष्काळाचं. पुढे १९७६ मध्ये जायकवाडी धरण झालं आणि डाव्या कालव्याचं पाणी पाथरी, मानवत, परभणीकडे आलं. कालव्याखाली ऊस आला, नंतर कोरडवाहू रानात सोयाबीन पसरलं. सोयाबीनने शेतकऱ्याला चार महिन्यांत रोख पैसा दिला, त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण ज्वारी हटली तशी गावाची एक पूर्ण साखळीच तुटली. ज्वारी होती म्हणून कडबा होता, कडबा होता म्हणून दावणीला बैल होते, बैल होते म्हणून उकिरडा भरायचा आणि उन्हाळ्यात गाड्याच्या गाड्या शेणखत रानात पडायचं. सोयाबीनच्या भुसावर बैलजोडी वर्षभर निघत नाही. कडबा महागला, बैल बाजारात गेले, ट्रॅक्टर आला, शेणखत विकत घ्यायची पाळी आली आणि त्याची जागा गोणीने घेतली. जमिनीतला सेंद्रिय कर्ब घसरला. विद्यापीठाने ज्वारीचे परभणी मोती, पुढे परभणी शक्ती यांसारखे वाण दिले. पण चांगलं वाण आहे म्हणून कुणी पीक घेत नाही, भाव आहे म्हणून घेतो.

मधल्या काळात जग काय करत होतं? न्यूझीलंडचं जवळजवळ निम्मं उत्सर्जन शेतीतलं. तिथल्या सरकारने २००३ मध्ये जनावरांच्या मिथेनवर संशोधनासाठी पट्टी बसवायचं ठरवलं, तेव्हा शेतकऱ्यांनी रान उठवलं. एका खासदाराने तर ट्रॅक्टर संसदेच्या पायऱ्यांवर चढवला. पट्टी गेली. २०२२ मध्ये पुन्हा प्रस्ताव आला, २०२४ मध्ये शेती उत्सर्जन व्यापारातून बाहेर काढली गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मिथेनला किंमत लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं. डेन्मार्कने वेगळी वाट धरली. जून २०२४ मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गसंस्था एकत्र बसल्या आणि २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर टनाला ३०० क्रोनर कर ठरला. त्यात ६० टक्के सूट, म्हणून प्रत्यक्षात १२० क्रोनर, तेव्हाच्या भावाने साधारण साडेचौदाशे रुपये. तिथल्या गाईमागे वर्षाला ६७२ क्रोनर येतात, असा हिशेब तेव्हा छापून आला होता.

हाच दर परभणीच्या दावणीला लावून पाहिला. आपल्याकडच्या बैलासाठी धरला जाणारा आकडा वर्षाला सुमारे २७ किलो मिथेनचा आहे. जोडीचं उत्सर्जन दीड टनाच्या आसपास भरतं आणि डॅनिश दराने कर होतो जवळपास बावीसशे रुपये. लाल कंधारीची जोडी कोरड्या रानात वखर ओढते, पेरणी करते, गाडी वाहते, शेण देते, डिझेल पीत नाही. डेन्मार्कची गाय दूध देते आणि त्या दुधाच्या भावात कर घालता येतो. बैलाच्या कामाला बाजारभावच नाही, मग कर कशात घालणार? पोळ्याला ज्याच्या शिंगांना हिंगूळ लावायचा, त्याच्यावर ही पट्टी बसवणं मला अन्यायाचं वाटतं. भारताच्या शेतीतल्या उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा रवंथ करणाऱ्या जनावरांचा आहे आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने मिथेन कपातीच्या जागतिक प्रतिज्ञेवर सही केली नाही. ती भूमिका बरोबर होती. मात्र तिच्या आडून युरियाचा प्रश्नही झाकला गेला, हे बरोबर झालं नाही.

किंमत लावायची नाही तर न सोडलेल्या वायूचे पैसे द्या, ही दुसरी वाट. ती कार्बन क्रेडिटची. जून २०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली, २९ जानेवारी २०२४ रोजी कृषी मंत्रालयाने शेतीतल्या स्वैच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा आणला. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत १ लाख टन क्रेडिटचा करार केला. काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा, म्हणजे बायोचार, मातीत घालायचा, असं त्याचं स्वरूप. मानवत-सेलूकडे कापूस वेचून झाल्यावर बांधावर पेटणाऱ्या पऱ्हाट्या पाहिल्या की यात काहीतरी आहे असं वाटतं.

पण शेतकऱ्याच्या बाजूने गणित मांडू. क्रेडिटचं सगळ्यात सोपं मोजमाप भातात होतं, कारण पाणी काढलं की मिथेन थांबतो. आणि भातातही ऑगस्ट २०२४ मध्ये चीनमधले ३७ प्रकल्प व्हेरा या प्रमाणन संस्थेने नाकारले. आपल्याकडे भात नाही, मातीतला कर्ब मोजायचा आहे, तो वर्षाला अगदी थोडा वाढतो आणि एका नांगरटीत उडून जातो. राज्यातली सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होती, म्हणजे सव्वातीन एकर. एकरी अर्धा टन कर्ब वायू मातीत मुरला आणि टनाला दहा डॉलर मिळाले असं धरलं, तरी वर्षाला सोळा-सतरा डॉलर होतात. त्यातून माती तपासणी, उपग्रह, लेखापरीक्षण, कंपनीचा वाटा जायचा. हातात येईल ते खुरपणीच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढं, आणि त्यासाठी बंधन दहा-वीस वर्षांचं. शिवाय करार सातबाऱ्यावरच्या नावाशी. बटईने करणारा, जो खरोखर नांगर थांबवणार, त्याचं नाव कागदावर कुठेच नाही.

यापेक्षा साधी कामं आपण करून पाहिली होती. १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमात महाराष्ट्र आघाडीवर होता. गोबरगॅसने मिथेन चुलीत जाळला, स्लरी शेतात गेली. जनावरं कमी झाली, दुरुस्तीला माणूस मिळेना, घुमट कोरडे पडले. २०१५ मध्ये सगळा युरिया कडुलिंबाचा झाला, त्याने नत्र सावकाश सुटू लागलं. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प मराठवाड्यातल्या गावांत आला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंची विना नांगरणीची सगुणा पद्धत आणि विद्यापीठाने सांगितलेली रुंद वरंबा सरी या दोन गोष्टी ज्यांनी धरल्या, त्यांचा मशागतीचा खर्च वाचला. कुणीही त्यांना उत्सर्जन कमी केल्याचा रुपया दिला नाही.

आणि मग सप्टेंबर २०२५. २२ तारखेला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि कोळशावरचा ४०० रुपयांचा उपकर संपला. बदल्यात कर ५ वरून १८ टक्के झाला, पण टनावर मोजलेली किंमत गेली. त्याच आठवड्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गोदाकाठची रानं बुडाली, काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच काळं पडून उगवलं. उत्सर्जनाची किंमत वसूल होतेच आहे, आणि ज्याचा वाटा सगळ्यात लहान त्याच्याकडून होते आहे.

म्हणून परभणीपुरती माझी मागणी सरळ आहे. युरियाचा भाव वाढवायचा असेल तर आधी त्या अनुदानाची रक्कम एकरी हिशेबाने कसणाऱ्याच्या खात्यावर टाका, बटईदारासकट. पीएम-किसानचे पैसे जातात तसे हेही जाऊ शकतात. मग कमी गोण्या टाकणाऱ्याचे पैसे त्याच्याच खिशात उरतील, त्याला कुठल्या कंपनीशी वीस वर्षांचा करार करावा लागणार नाही. शेणखत घालणाऱ्याला, पऱ्हाटी न पेटवणाऱ्याला, पाचट न जाळणाऱ्याला त्याच खात्यावर वर पैसे द्या. मोजायचं काम विद्यापीठाने करावं. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्याने हीच माती आणि हाच पाऊस अभ्यासला आहे. हा पहिला हप्ता खात्यावर पडेपर्यंत शेतकऱ्याकडे कुणीही उत्सर्जनाची किंमत मागायला येऊ नये.