मोडी वाचणारा प्रोसेसर

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आला. "काका, यावर ऑनलाइन गेम मस्त चालतात. मग वीस वर्षांपूर्वीचा का अडखळतो?"

गेम होता 2005चा 'शॅडो ऑफ द कोलॉसस'. डिस्क मामाची, प्लेस्टेशन टू पण मामाचाच. पण त्याची लेन्स गेलेली, म्हणून लॅपटॉपवर पीसीएसएक्सटू नावाचा इम्युलेटर.

प्रश्न रास्त होता. प्लेस्टेशन टूचा मुख्य प्रोसेसर जेमतेम 295 मेगाहर्ट्झचा, मेमरी 32 एमबी. या पोराच्या लॅपटॉपचा प्रोसेसर 3.9 गिगाहर्ट्झपर्यंत पळणारा, मेमरी 8 जीबी. ताकद कमी नव्हती, कामच वेगळं होतं. इम्युलेटर आधी जुनं मशीन लॅपटॉपच्या पोटात उभं करतो आणि मग त्यावर गेम चालवतो.

माझे आजोबा मोडी वाचायचे. लोक जमिनीचे जुने कागद घेऊन ओसरीवर बसलेले असत. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ओळ सलग पळते. मागचा शब्द लागल्याशिवाय पुढचा कुठे सुरू होतो ते कळत नाही. एका ओळीवर आठ जाणकार बसवले, तरी ती आठपट लवकर लागायची नाही. एकदा लागलेला मजकूर आजोबा वहीत बाळबोधीत उतरवून ठेवायचे. तोच कागद पुन्हा आला की वही काढायची.

पीसीएसएक्सटू हेच करतो. मिप्स जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना आपल्या इंटेल-एएमडीला कळतील अशा उतरवतो आणि उतरवलेलं जपून ठेवतो. चित्राचं काम एका कोअरला, व्हेक्टर युनिटचं दुसऱ्याला, एवढी वाटणी होते. मुख्य ओळ मात्र एकट्यानेच वाचायची. म्हणून खोक्यावर 'आठ कोअर' छापलंय याचं मला कौतुक नाही. त्यातला एक किती जोरात पळतो आणि किती वेळ दम धरतो, ते सांगा.

मशीन जुनं म्हणजे काम हलकं, असंही नाही. सुपर निन्टेंडोचा प्रोसेसर फार तर 3.58 मेगाहर्ट्झचा. पण त्याची बारीकसारीक वेळही जशीच्या तशी पाळायची, तर तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो, असं बीएसएनईएस या इम्युलेटरच्या कर्त्याने 2011मध्ये लिहिलं होतं. म्हणजे आठशेपटीहून जास्त!

असो. गेम सुरू केला. अर्धा मिनिट सुरेख चालला आणि मग आवाज चिरकायला लागला. चित्र थोडं मागे पडलं तर डोळा सांभाळून घेतो, कान घेत नाही, म्हणून पहिली तक्रार आवाजाची येते. पडद्याच्या कोपऱ्यात इम्युलेटर आकडे दाखवतो. ईई, म्हणजे मुख्य प्रोसेसरचा धागा, 99 टक्के. जीएस, म्हणजे चित्राचा, 45. दुखणं कुठे ते तिथेच कळलं.

पातळ लॅपटॉपमधले हे प्रोसेसर 15 वॅटचे. सुरुवातीला थोडा वेळ त्याहून जास्त वीज ओढून उधळतात, मग मर्यादेत येतात. त्यात गरम झाले की आणखी खाली बसतात. मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदा बसलेला, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून चुन्यासारखी झालेली. ब्रश मारला, पेस्ट बदलली. आधी 97 अंशांवर जाणारं तापमान 80च्या आत आलं, आणि ईई 82वर. चार्जर काढून पाहिलं तर पुन्हा 99! बॅटरीवर लॅपटॉप हात आखडता घेतो. चार्जर लावूनच खेळायचं, हे त्याला दोनदा सांगितलं.

एवढं होऊनही एक अडथळा उरलाच. पोराने चित्राचं रिझोल्यूशन मूळच्या चौपट करून ठेवलं होतं. चौपट आडवं आणि चौपट उभं, म्हणजे ठिपके सोळापट. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्रही मुख्य मेमरीतच रंगवायचं. त्यात 8 जीबीची एकच पट्टी, सेकंदाला फार तर 21 जीबी नेणारी. आणि सोनीने 2000 साली ग्राफिक्स चिपच्या आतच 4 एमबी मेमरी बसवली होती, तिचा वेग सेकंदाला 48 जीबी! जुने खेळ त्याच पाण्यावर पोसलेले. दुसरी पट्टी टाकली, रिझोल्यूशन दुप्पटवर आणलं. गेम सरळ झाला.

पोर खूश. तेवढ्यात पहिला राक्षस आला आणि गेम पुन्हा जड झाला. आकडे पाहिले: वेग 100 टक्के, ईई 85. मी म्हणालो, "हे लॅपटॉपचं नाही. मूळ मशीनलाही हा गेम झेपत नव्हता. ते मशीन जिथे रखडायचं, तिथे इम्युलेटरही इमानाने रखडतो."

"मग ते मशीनच फास्ट करता येईल ना?"

येतं. सेटिंगमध्ये ईईचा वेग वाढवायची सोय आहे. त्याने थेट 180 टक्के केला. राक्षस झपाझप चालू लागला, पंखा घोंघावला, ईई 99वर गेला आणि आवाज चिरकला. पोराने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप आकडा परत 100वर आणला.