मागच्या आसनावरचा पट्टा

गणेशचतुर्थीच्या आधीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्ग चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरून जातो. खारेपाटण, कणकवली मागे पडते. मालवणला जाणाऱ्या गाड्या कसालला वळतात. या गाड्यांत डोकावले तर चालकाने सीट बेल्ट लावलेला दिसतो, त्याच्या शेजारच्यानेही बहुधा लावलेला असतो. मागे मात्र तिघे-चौघे दाटीवाटीने, लहान मूल आईच्या मांडीवर, आणि पट्टे आसनाच्या फटीत दडलेले. विचारले तर उत्तर ठरलेले: “मागे बसलेल्यांक पट्टो कित्याक?”

प्रश्न रास्त आहे. आपण त्याचे उत्तर इयत्ता नववीच्या गणिताने शोधू.

समजा, ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळली. ताशी ५० म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. उंचावरून पडणाऱ्या वस्तूला हा वेग यायला किती उंची लागेल? वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागले की उत्तर येते सुमारे १० मीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट साधारण ३० फूट, म्हणजे ९ मीटर उंच आहे. त्या तटावरून खाली उडी मारायला कोणी धजणार नाही. पण तेवढाच वेग अंगात घेऊन आपण गाडीत निर्धास्त बसतो.

आता थांबण्याचा विचार करू. आदळताना गाडीचा पुढचा भाग चेपतो. हे चेपणे अर्धा मीटर धरू. पट्टा बांधलेला प्रवासी गाडीला जखडलेला असल्यामुळे तोही या अर्ध्या मीटरभर अंतरात थांबतो. त्याच्यावर सरासरी बल येते ते त्याच्या वजनाच्या सुमारे २० पट. हे बल मोठे आहे, पण रुंद पट्टा ते छातीच्या पिंजऱ्यावर, खांद्यावर आणि कमरेच्या हाडांवर वाटून देतो. शरीर ते बहुधा सोसू शकते.

पट्टा नसलेल्या प्रवाशाचे काय होते? गाडी थांबते, पण जडत्वामुळे तो ताशी ५० च्या वेगाने पुढे जातच राहतो. मग तो समोरच्या आसनाच्या पाठीवर आदळतो. तेथे त्याला थांबायला १० सेंटिमीटर मिळाले असे धरू. अंतर पाचपट कमी झाले, म्हणून बल पाचपट वाढले. साठ किलोच्या माणसासाठी हे बल सहा टन वजनाइतके होते. आणि त्या आसनावर पुढे कोणीतरी बसलेले असते. त्याने स्वतःचा पट्टा बांधला असला, तरी मागून येणारा हा आघात त्याला चुकत नाही. म्हणजे मागच्याचा पट्टा ही एकट्या मागच्याची खाजगी बाब राहत नाही.

मांडीवरच्या मुलाचे गणित आणखी कठोर आहे. मूल १० किलोचे असेल तर ते धरून ठेवायला आईच्या हातांना २०० किलो वजन पेलण्याइतके बल लावावे लागेल. माया कितीही असली तरी हात तेवढे बल देऊ शकत नाहीत.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. दोघेही मागे बसले होते आणि त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. एका अपघातावरून नियम सिद्ध होत नाही हे खरे. पण या घटनेनंतर मागच्या पट्ट्याची चर्चा घरोघर झाली. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी पट्टा सक्तीचा असल्याचे जाहीर केले.

कायदा मात्र त्याआधीचाच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९४-ब नुसार पट्टा न बांधता गाडी चालवणे आणि पट्टा न बांधलेले प्रवासी नेणे, दोन्हींसाठी १,००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनाने सुरक्षित केलेले नसेल, तरीही दंड तेवढाच. ज्या वाहनांत उभ्यानेही प्रवासी जातात, त्यांना सूट देण्याची मुभा राज्य शासनाला आहे.

आजचा तीन बिंदूंचा पट्टा स्वीडनच्या निल्स बोलिन या अभियंत्याने व्होल्वो कंपनीसाठी १९५९ साली तयार केला. तो बांधण्याची पहिली सक्ती १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केली.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. चाकांच्या लाकडी गाडीवर ओल्या मातीच्या दोन बाहुल्या एकीमागे एक ठेवा. पुढची रुंद फितीने गाडीला बांधा, मागची मोकळी सोडा. उतरत्या फळीवरून गाडी सोडून खाली ठेवलेल्या विटेवर आदळू द्या. मागची बाहुली कोठे जाते आणि पुढचीचे काय होते, याची नोंद मुलांना करू द्या. नंतर दोन्ही बांधा. शेवटी फितीऐवजी बारीक दोरा वापरा आणि तो मातीत किती रुततो ते पाहा. पट्टा रुंद का असतो, हे मुले स्वतःच सांगतील.

घरचा अभ्यास म्हणून एवढेच द्यावे: कसाल सोडल्यावर गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल, तर ती टक्कर किती उंचीवरून पडण्यासारखी? उत्तर काढून मुलांनी ते गणपतीला येणाऱ्या काका-मामांना सांगावे आणि आसनाच्या फटीतले पट्टे बाहेर काढून ठेवावेत.