चहाला नाही म्हणू नकोस

आमच्या नांदेडच्या गल्लीतली एक मुलगी नर्सिंगचं शिक्षण पूर्ण करून, चर्चच्या गटाबरोबर सहा महिन्यांसाठी आफ्रिकेतल्या एका मिशन हॉस्पिटलात सेवेला निघाली आहे. परवा निरोप घ्यायला आली होती. पासपोर्ट, लसी, सामान, सगळी तयारी झालेली. बोलता बोलता एकदम म्हणाली, "काका, तिथली माणसं मला आपलं म्हणतील का हो?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. असे स्वयंसेवक ज्यांच्या दारात येतात, त्या दारातला मी माणूस. सेवेला जाणाऱ्यांना पुष्कळ सूचना दिल्या जातात. पण ज्यांच्याकडे ते जातात त्यांना काय वाटतं, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून आज ती बाजू सांगतो.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर यांसारखी गावं झोपेतच गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं प्रचंड ओझं. ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा दिला, तीच अंगावर आली. हजारो माणसं गेली.

मी तेव्हा औसा तालुक्यात इंग्रजीचा मास्तर होतो. आमचं घर तडकलं, पण उभं राहिलं. काही दिवसांतच परदेशातल्या एका चर्चचा दहा-बारा तरुण मुलामुलींचा गट मदतीला आला, आणि दुभाषी म्हणून मी त्यांच्याबरोबर एका गावात गेलो.

मुलं मनापासून आलेली. दिवसभर माती उपसायची, पत्र्याचे निवारे उभे करायची. हाताला फोड आले तरी थांबायची नाहीत. पण पहिले आठ दिवस गाव त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होतं. याचं एक कारण होतं चहा.

पत्र्याच्या निवाऱ्यात तीन दगडांची चूल मांडून बायका चहा करायच्या आणि या मुलांसमोर धरायच्या. मुलं हात जोडून नाही म्हणायची. त्यांचा हेतू चांगला होता. ज्यांचं सगळं गेलं, त्यांच्याकडून आपण कसं घ्यायचं, असं त्यांना वाटे. गावाला मात्र वेगळंच ऐकू येत होतं. आपल्याकडे एखाद्याच्या घरचं पाणी न घेणं याला फार जुना आणि दुखरा अर्थ आहे. एक तर वैर, नाही तर तुम्ही आमच्यापेक्षा खालचे. ज्यांच्याकडे द्यायला फक्त अर्धा कप चहा उरला होता, त्यांचा तोही परत जात होता.

दुसरं कारण मी स्वतः होतो. एके दिवशी कपड्यांचं गाठोडं एका म्हातारीच्या हातात दिलं गेलं. ती बराच वेळ बोलली. "लेकरा, कपडे घेऊन काय करू? म्हैस वाचली माझी, ती कुठं बांधू ते सांग. अन् रात्री वाऱ्यानं पत्रा वाजला की वाटतं, पुन्हा हाललं. डोळ्याला डोळा लागत नाही." मी भाषांतर केलं, "ती तुमचे आभार मानते आहे."

गटातल्या एका मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढा वेळ फक्त आभार?"

मला लाज वाटली. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आठ दिवस गावाचं तोंडच बंद ठेवलं होतं. मग म्हातारी काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. दुसऱ्या दिवशी उरलेले बांबू आणि पत्रे घेऊन त्या पोरांनी म्हशीसाठी आडोसा केला. तो कसा करायचा, दावणीला उंची किती ठेवायची, हे म्हातारी काठी आपटून सांगत होती. काम झाल्यावर तिनं त्याच म्हशीच्या दुधाचा चहा केला आणि त्या मुलीपुढे धरला. मी मुलीला म्हणालो, "या वेळी नाही म्हणू नका." ती खाली बसली आणि चहा प्यायली.

नंतर तिनं भाकरी शिकवा म्हणून हट्ट धरला. ज्वारीचं पीठ, गरम पाणी, थापणं. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मग मोठ्यानं हसल्या. भूकंपानंतर त्या वस्तीत मी हसू ऐकलं ते पहिल्यांदा. त्या दिवसापासून ती "आमची पोर" झाली.

असं का झालं? आपल्या भाषेत "मिंधा" असा एक शब्द आहे. जो फक्त घेतो आणि परत काहीच देऊ शकत नाही, तो मिंधा. मिंधेपणात कृतज्ञता असते, पण प्रेम असेलच असं नाही. कधी कधी मनातल्या मनात रागही असतो. ज्या क्षणी त्या बायका शिकवणाऱ्या झाल्या आणि ती परदेशी मुलगी शिकणारी झाली, त्या क्षणी हे मिंधेपण सुटलं. नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये वाढणारा माणूसही थोड्या वेळानं त्याच पंगतीत जमिनीवर बसून जेवतो. म्हणून तिथं जेवताना कोणाची मान खाली जात नाही.

आपल्या भूकंपग्रस्त भागाशी जोडलेलं एक नाव इथं सांगायला हवं, ते म्हणजे लॉरी बेकर. जन्म 1917, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा हा वास्तुरचनाकार 1945 साली कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या मिशनच्या इमारती बांधायला भारतात आला. मिशनऱ्यांचे मोठे बंगले आणि नोकरचाकर त्याला रुचले नाहीत. तो बंगला सोडून एका भारतीय डॉक्टरांच्या घरी राहायला गेला. त्याच डॉक्टरांची बहीण एलिझाबेथ, त्याही डॉक्टर. 1948 साली दोघांचं लग्न झालं. पुढं हिमालयातल्या पिथोरागढला ते 16 वर्षं राहिले. कॉलेजात शिकलेलं बांधकाम तिथं उपयोगाचं नव्हतं. दगड, माती आणि लाकूड कसं वापरायचं हे बेकर तिथल्या गावकऱ्यांकडून शिकले. नंतर केरळमध्ये त्यांनी स्वस्त घरं बांधून नाव मिळवलं. किल्लारीच्या भूकंपानंतर "मल्याळ मनोरमा" या वृत्तपत्रानं लातूर जिल्ह्यातलं बाणेगाव पुन्हा उभं केलं, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या बेकरांनीच त्याचा आराखडा केला. 2007 साली ते गेले, ते भारताचे नागरिक म्हणून.

दुसरं उदाहरण शेजारच्या जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं 1970 साली तिथं काम सुरू केलं. गावाला काय हवं ते आधी विचारलं, तर औषधाच्या आधी पाणी आणि अन्न हवं, असं उत्तर आलं. त्यांनी तिथून सुरुवात केली. मग गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. पुढं परदेशातले डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला येऊ लागले, ते या बायकांकडून शिकायला.

धर्माचा प्रश्न आमच्या गावातही निघालाच. "हे आपल्याला बाटवायला तर आले नाहीत?" अशी कुजबूज होती. एका वडीलधाऱ्यानं गटप्रमुखाला ते तोंडावर विचारलं. या वेळी मी काही मऊ केलं नाही. तो म्हणाला, "आम्ही श्रद्धेमुळे आलो, हे खरं. पण मदत घेण्यासाठी तुम्हाला ती श्रद्धा घ्यावी लागणार नाही." शब्दांवर गावानं लगेच विश्वास ठेवला नाही. सकाळी आपली प्रार्थना आपापसात करणारी आणि संध्याकाळी आमच्या भजनाला मागं गुपचूप बसणारी ती मुलं दोन महिने पाहिली, तेव्हा ठेवला.

आणि भाषा! ते मराठीचे चार शब्द शिकले, तेही आमच्या मराठवाडी हेलात. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेसुइट 1579 साली गोव्यात आले, इथल्या माणसांची भाषा शिकले आणि "क्रिस्तपुराण" त्यांनी मराठीत, ओवी छंदात लिहिलं. ते 1616 साली छापलं गेलं. त्या काळातल्या धर्मप्रसाराबद्दल मतं वेगळी असतील, पण मराठी माणूस त्यांचं नाव आजही आदरानं घेतो ते भाषेमुळे.

शेवटी निरोप. त्यात चूक झाली. निघताना एकानं दहा-बारा वर्षांच्या पोराला "पत्र लिहीन" म्हणून सांगितलं. तो पोरगा कित्येक महिने शाळेत येऊन मला विचारायचा, "सर, आलं का?" पत्र आलं नाही. ज्याचं आधीच खूप काही गेलंय, त्याला दिलेला शब्द हलका नसतो.

पुढं 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद, सरळ रस्ते आणि रांगेत घरं. आणि अनेकांनी तक्रार केली, जनावरं कुठं बांधायची? म्हातारीनं विचारलेला प्रश्न तोच होता.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. म्हणालो, "बाळ, तुझं शिक्षण त्यांच्या कामी येईलच. पण त्यांच्याकडून रोज काहीतरी शिक. दुभाष्यानं वाक्य फार छोटं केलं तर पुन्हा विचार. आणि पाळता येणार नाही असा शब्द देऊ नकोस."

"आणि एवढं करूनही आपलं म्हटलं नाही तर?"

"तर काम नीट करून परत ये. आपलं म्हणणं हे त्यांच्या हातात आहे, ते मागून मिळत नाही."

तेवढ्यात आतून चहा आला. "नको काकू, उशीर होतोय," असं म्हणत ती उठली, माझ्याकडे पाहून हसली आणि पुन्हा खाली बसली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)