उजेडाची किंमत

हार्डविक हॉलच्या खिडक्या बाहेरून खालून वर पाहत जाव्यात. तळमजल्याच्या बेताच्या, त्यावरच्या अधिक उंच, आणि सगळ्यांत वरच्या तर भिंतीला जागाच न ठेवणाऱ्या. तळमजला नोकरचाकरांचा, मधला घरच्या माणसांचा, वरचा मानाच्या पाहुण्यांचा. मान वाढतो तशी काच वाढते. सोळाव्या शतकात काच अतिशय महाग होती, त्यामुळे इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या टेकडीवरचा हा वाडा दुरूनच मालकिणीची ऐपत सांगत असे.

ही मालकीण म्हणजे बेस ऑफ हार्डविक. साध्या जमीनदाराची मुलगी. चार लग्नं झाली, चारही नवरे तिच्याआधी गेले. चौथा नवरा, श्रूज्बरीचा अर्ल, 1590 मध्ये वारला आणि त्याच वर्षी तिनं माहेरच्या जमिनीवर हा वाडा बांधायला घेतला. रॉबर्ट स्मिथसन हा त्याचा रचनाकार मानला जातो. 1597 मध्ये ती इथं राहायला आली. बुरुजांच्या माथ्यावर तिची ‘ई’ आणि ‘एस’ (एलिझाबेथ श्रूज्बरी) ही आद्याक्षरं दगडात उभी आहेत.

वरच्या मजल्यावरच्या लांबलचक गॅलरीत, खिडक्यांच्या समोरच्या भिंतीवर, बायबलमधल्या गिडियनच्या कथेच्या 13 टॅपेस्ट्री आहेत. लोकर आणि रेशमात विणलेली ही चित्रं जवळजवळ 6 मीटर उंच. सर ख्रिस्तोफर हॅटन यांच्यासाठी ती फ्लँडर्समध्ये विणली गेली होती. ते कर्ज ठेवून वारले, तेव्हा बेसनं 1592 मध्ये ती विकत घेतली. हॅटनच्या कुलचिन्हांवर स्वतःची रंगवलेली चिन्हं शिवून घेतली, आणि त्या कामापोटी किमतीत सूटही मिळवली.

जवळ गेलं की झाडांची पानं निळी दिसतात. विणकरानं ती हिरवीच विणली होती. निळ्यावर चढवलेला पिवळा रंग उजेडानं आधी उडाला आणि खालचा निळा उरला. रेशमाचं नुकसान याहून मोठं. टॅपेस्ट्री टांगली की ताण्याचे दोरे आडवे होतात आणि सगळा भार बाण्यावर येतो. बाण्यातलं रेशीम उजेडानं ठिसूळ झालेलं, म्हणून ते स्वतःच्याच वजनानं तुटत जातं.

हा वाडा आता सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या नॉरफोकमधल्या स्टुडिओत अशा टॅपेस्ट्रींच्या दुरुस्तीची रीत बघायला मिळते. टॅपेस्ट्री आधी बेल्जियमला धुवायला जाते. परत आली की चौकटीवर ताणलेल्या लिननच्या कापडावर पसरतात. मग गोधडीला घालावेत तसे टाके, पण कितीतरी बारीक आणि दाट, हात-हात कापडावर घालत जायचे. तुटक्या रेशमाच्या जागी जुळत्या रंगाचा दोरा येतो, आणि भार जुन्या धाग्यांवरून लिननवर जातो. गिडियनच्या 13 टॅपेस्ट्रींचं काम 24 वर्षं चाललं. ते 2023 मध्ये पुरं झालं.

एवढं शिवायला उरलं, याचं श्रेय घराण्याच्या पाठ फिरवण्याला आहे. बेसचे वंशज डेव्हनशायरचे ड्यूक झाले, चॅट्सवर्थ या आपल्या दुसऱ्या वाड्यात रमले, आणि हार्डविक नव्या फॅशनपासून वाचलं. नवव्या ड्यूकची विधवा इव्हलिन हिनं तर इथं राहून स्वतःच्या हातानं टॅपेस्ट्री शिवल्या. 1950 मध्ये दहावे ड्यूक वारले, 80 टक्के मृत्युकर बसला, आणि 1959 मध्ये वाडा ट्रस्टकडे आला.

आता इथल्या खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात आणि आत येणारा उजेड मोजला जातो. एवढ्या खिडक्यांच्या घरात अंधार कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. मला तो अंधार पटतो. टाक्यांनी कापडाला बळ परत मिळतं. उडालेला रंग मात्र कुठलाही टाका परत आणत नाही. आपण जास्त उजेडात पाहिलेला प्रत्येक तास पुढच्या पाहणाऱ्याच्या वाट्यातून जातो, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबणं हा इथल्या प्रत्येक पाहुण्यानं द्यायचा न्याय्य वाटा आहे.