यकृत व पित्तनलिकेच्या कर्करोगावरील संशोधन : उपलब्धी आणि अर्थकारण

कर्करोगामुळे होणाऱ्या मृत्यूंच्या जागतिक क्रमवारीत यकृताच्या कर्करोगाचा तिसरा क्रमांक लागतो. २०२२ या एका वर्षात जगभरात या रोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार रुग्ण दगावले. नव्या रुग्णांची आणि मृत्यूंची संख्या एकमेकींच्या इतकी जवळ असणे, यातच या रोगाची भीषणता स्पष्ट होते. गेल्या दोन दशकांत त्यावरील संशोधनाने लक्षणीय प्रगती केली आहे. परंतु विकासाच्या दृष्टीने संशोधनाचे मोल ठरविताना तीन प्रश्न विचारावे लागतात : आयुष्य किती वाढले, ते किती किमतीला वाढले आणि किती जणांचे वाढले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळा व रुग्णालये देतात. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे सार्वजनिक धोरणाला द्यावी लागतात.

रोगाचे स्वरूप

यकृताच्या पेशींत उद्भवणारा कर्करोग बहुधा निरोगी यकृतात होत नाही. हिपॅटायटिस बी व सी या विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग, मद्यपान, तसेच मधुमेह व स्थूलता यांच्याशी निगडित असलेला यकृतातील मेदसंचय यांमुळे यकृताची सातत्याने हानी होते. त्यातून सिरोसिस होतो आणि त्या पार्श्वभूमीवर बहुतेकदा कर्करोग मूळ धरतो. साहजिकच वैद्यकाला एकाच वेळी दोन आजारांशी झुंजावे लागते. औषध कर्करोगाला मारक असले, तरी दुबळे झालेले यकृत ते सोसेलच असे नाही.

पित्तनलिकेचा कर्करोग तुलनेने विरळा आहे. यकृतात तयार होणारे पित्त आतड्याकडे नेणाऱ्या नलिकांत तो उद्भवतो. नलिका अरुंद झाली की कावीळ होते. मात्र पुष्कळदा तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. याच गटातील पित्ताशयाचा कर्करोग भारतात विशेषतः गंगेच्या खोऱ्यात अधिक आढळतो आणि त्याच्या रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण जास्त आहे.

यकृताचा कर्करोग : उपचारांची वाटचाल

रोग लवकर ध्यानात आल्यास रोगग्रस्त भाग काढून टाकणे किंवा यकृताचे प्रत्यारोपण करणे, हे रोगमुक्तीचे प्रमुख मार्ग आहेत. प्रत्यारोपण कोणावर करावे, याचे शास्त्रशुद्ध निकष १९९६ मध्ये इटलीतील मिलान येथील संशोधकांनी मांडले. गाठ एकच असेल तर ती ५ सेंटिमीटरपर्यंत, अथवा गाठी तीनपर्यंत असतील तर प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत असावी, असे ते निकष होते. त्यांनुसार निवडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्के रुग्ण चार वर्षांनंतर हयात होते. योग्य रुग्णाची निवड हीदेखील संशोधनाची मोठी देणगी असते, हे यावरून दिसून येते.

रोग पसरलेल्या रुग्णांसाठी मात्र दीर्घकाळ परिणामकारक औषधच नव्हते. २००८ मध्ये सोराफेनिब या गोळीच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६०२ रुग्णांच्या या चाचणीत आयुर्मानाचा मध्यक ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेला. मध्यक म्हणजे असा काळ की, निम्मे रुग्ण त्याहून कमी आणि निम्मे त्याहून अधिक जगतात. वाढ तीन महिन्यांहूनही कमी होती. तरीही जिथे काहीच नव्हते तिथे ती ऐतिहासिक ठरली. मात्र चाचणीतील बहुतेक सर्व रुग्णांचे यकृताचे कार्य बऱ्यापैकी टिकून होते, हे विसरता कामा नये.

पुढचा टप्पा रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागृत करणाऱ्या औषधांचा, म्हणजेच इम्युनोथेरपीचा होता. ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही दोन इंजेक्शने एकत्र दिल्यास सोराफेनिबपेक्षा अधिक लाभ होतो, असे २०२० मध्ये सिद्ध झाले. नंतरच्या विश्लेषणात हा मध्यक १९.२ महिने आढळला, तर सोराफेनिब घेणाऱ्यांत तो १३.४ महिने होता.

पित्तनलिका : छोट्या पावलांची प्रगती

पित्तमार्गाच्या कर्करोगात जेमसिटाबाइन व सिस्प्लॅटिन या जुन्या औषधांच्या संयोगाने २०१० मध्ये प्रमाणित उपचाराचे स्थान मिळविले. केवळ जेमसिटाबाइन घेणाऱ्यांचा मध्यक ८.१ महिने, तर संयोग घेणाऱ्यांचा ११.७ महिने होता. त्याच वर्षी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या पित्ताशयाच्या कर्करोगावरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ लक्षणांवर उपचार घेणाऱ्यांचा मध्यक ४.५ महिने होता. जेमसिटाबाइन व ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांत तो ९.५ महिने आढळला. चाचणी लहान, अवघ्या ८१ रुग्णांची होती. परंतु आपल्या देशातील रोगाचे उत्तर आपल्याच रुग्णालयात शोधण्याचा तो प्रयत्न होता.

२०२२ मध्ये वरील प्रमाणित उपचारास डुर्व्हालुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची जोड मिळाली. मध्यक केवळ ११.५ वरून १२.८ महिन्यांवर गेला. मात्र पहिल्या विश्लेषणानुसार दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून सुमारे २५ टक्क्यांवर गेले. सर्वांना थोडाथोडा लाभ होण्याऐवजी काही थोड्यांना मोठा लाभ झाला, असा याचा अर्थ आहे. सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे : एकच मध्य मूल्य पाहून निष्कर्ष काढल्यास वितरणाचे स्वरूप नजरेआड होते.

याशिवाय पेशीतील विशिष्ट जनुकीय बदलाचा वेध घेणारी पेमिगॅटिनिब व आयव्होसिडेनिब यांसारखी औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२० व २०२१ मध्ये या रोगासाठी मान्य झाली. ती ठरावीक बदल असणाऱ्या मोजक्या रुग्णांनाच उपयोगी पडतात. त्यासाठी आधी जनुकीय तपासणी करावी लागते आणि तिचाही खर्च मोठा असतो.

औषधाची किंमत आणि अनिवार्य परवाना

सोराफेनिब भारतात बायर या कंपनीच्या पेटंटखाली होते. १२० गोळ्यांच्या, म्हणजे एका महिन्याच्या औषधाची किंमत २,८०,४२८ रुपये होती. वर्षाचा हिशेब ३३ लाख रुपयांहून अधिक. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी पेटंट कायदा, १९७० च्या कलम ८४ अन्वये हैदराबादच्या नॅटको फार्मा कंपनीला देशातील पहिला अनिवार्य परवाना दिला. जनतेच्या वाजवी गरजा भागत नाहीत, औषध परवडणाऱ्या किमतीत मिळत नाही आणि पेटंटचा वापर भारताच्या भूमीत होत नाही, हे तीनही आधार नियंत्रकांनी ग्राह्य धरले. नॅटकोसाठी महिन्याची कमाल किंमत ८,८८० रुपये ठरविण्यात आली, म्हणजे सुमारे ९७ टक्के कमी. पेटंटधारकास विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क देण्याचा आदेश झाला. अपिलात ते ७ टक्के करण्यात आले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना वैध ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

या निर्णयाला दुसरी बाजूही आहे. पेटंटपासून मिळणारा नफा हा नव्या संशोधनाचा एक प्रेरणास्रोत असतो. परवाने सर्रास दिले गेल्यास ती प्रेरणा मंदावेल, असा आक्षेप घेतला जातो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात अनिवार्य परवान्याची तरतूद आहे आणि २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने ती अधोरेखित केली. कलम ८४ खाली भारताने हा अधिकार पुन्हा वापरलेला नाही. अस्त्र हाती आहे, पण ते क्वचितच उचलले जाते, असे त्याचे वर्णन करता येईल.

प्रतिबंध : सर्वाधिक परताव्याचे संशोधन

तिन्ही प्रश्नांना एकत्रित समाधानकारक उत्तर देणारे संशोधन मात्र औषधाचे नाही, लसीचे आहे. हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधाबद्दल बारूक ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ६ ते १४ वर्षे वयोगटातील यकृत कर्करोगाचे प्रमाण लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आले. कर्करोग लसीने टाळता येतो, याचा हा पहिला ठोस पुरावा होता.

भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स कंपनीने १९९७ मध्ये देशी बनावटीची हिपॅटायटिस बी लस बाजारात आणली आणि महागडी आयात लस सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. २००२-०३ मध्ये निवडक भागांत सुरू झालेले हे लसीकरण २०११-१२ पर्यंत देशभर विस्तारले. जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची मात्रा मातेकडून होणाऱ्या संसर्गाला आळा घालते. २०१८ मध्ये राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाद्वारे मोफत तपासणी व उपचारांची जोड देण्यात आली.

पुढील दिशा

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास रुग्णालयीन उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डुर्व्हालुमॅबसह कर्करोगाच्या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधील रुग्णालये औषधांची एकत्रित खरेदी करून किमती उतरवीत आहेत. तथापि, कर कमी झाल्याने मूळ किंमत कमी होत नाही आणि विमा असूनही रोग उशिरा ध्यानात आला तर औषधाला वाव उरत नाही. सिरोसिसच्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जिल्हा रुग्णालयात काविळीचे वेळेवर निदान आणि पित्ताशयाच्या कर्करोगासारख्या आपल्या प्रश्नांवर स्वदेशी संशोधन, या तीन गोष्टींवरील खर्चाला अग्रक्रम मिळाला पाहिजे.

चाचणीत वाढलेले महिने हे विज्ञानाचे यश आहे. घर वा जमीन न विकता ते महिने रुग्णाच्या वाट्याला येणे आणि लसीमुळे पुढच्या पिढीवर हा आजार ओढवूच नये, हे शासन व समाजाचे यश ठरेल. विकासाच्या ताळेबंदात या दोन्हींची नोंद एकत्रच व्हावयास हवी.