मतपेटीनंतरचे राजकारण आणि अमेरिकेतील दबावगट

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्याकडील वृत्तपत्रांचे रकाने भरून जातात. डेमोक्रॅटिक जिंकले की रिपब्लिकन, एवढ्यावर चर्चा सुरू होते आणि तेथेच संपते. परंतु कायदा कोणाच्या हिताचा होणार, हे केवळ मतदानाच्या दिवशी ठरत नाही. ते ठरते त्यानंतर, संसदेच्या समित्यांमध्ये आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत. तेथे जो सतत हजर असतो त्याचे काम होते. जो मत देऊन घरी जातो, त्याच्या वाट्याला आश्वासन येते. अशी हजेरी लावणाऱ्या संघटनेलाच दबावगट म्हणतात.

दबावगट स्वतः सत्ता मागत नाही. सत्तेवर कोणीही बसो, त्याच्याकडून आपला प्रश्न सोडवून घेणे हेच त्याचे काम. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला. या हक्काच्या पायावरच हा सगळा डोलारा उभा आहे. पैसे घेऊन हे काम करणाऱ्यांनी नोंदणी करावी आणि हिशेब जाहीर करावा, असा कायदा १९९५ साली झाला. त्या हिशेबानुसार केंद्रीय सरकारवर प्रभाव टाकण्यासाठी २०२३ या एका वर्षात ४०० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला! त्यात औषध कंपन्या आणि विमा कंपन्या आघाडीवर असतात. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना निवडणूक प्रचारात स्वतंत्रपणे हवा तेवढा पैसा ओतण्याची मुभा दिली. हक्क सर्वांना सारखा, पण तो वापरण्याची ऐपत सारखी नाही, हेच तेथील लोकशाहीचे दुखणे आहे.

परंतु सर्व काही पैशानेच होते, असे समजणे चूक ठरेल. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथे शाळेत झालेल्या गोळीबारात २० बालके आणि ६ कर्मचारी मारले गेले. बंदूक विकण्यापूर्वी खरेदीदाराची पूर्वचौकशी करावी, असे दहापैकी नऊ अमेरिकनांचे मत होते. तरीही एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ६० मते लागत असताना ५४ च मिळाली आणि प्रस्ताव पडला. असे का झाले? ही संघटना प्रत्येक लोकप्रतिनिधीला त्याच्या मतदानावरून गुण देते आणि तिचे सदस्य ते गुण पाहून मत देतात. उरलेल्या बहुसंख्यांचे मत होते, पण त्या मताची संघटना नव्हती. संघटित अल्पसंख्येपुढे असंघटित बहुसंख्या हरते ती अशी. पुढे याच संघटनेच्या प्रमुखाने तिचा पैसा स्वतःच्या चैनीसाठी उडवल्याचे २०२४ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने मान्य केले. हिशेब बिघडला की बलाढ्य संघटनाही आतून पोखरली जाते.

मग ज्यांच्याजवळ पैसा नाही, त्यांनी काय करावे? याचे उत्तर कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या १९०९ साली स्थापन झालेल्या संघटनेने दिले. १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी जॉन पार्कर यांना सर्वोच्च न्यायालयासाठी नामनिर्देशित केले. कृष्णवर्णीयांनी राजकारणात येणे अनिष्ट आहे, असे हे गृहस्थ दहा वर्षांपूर्वी प्रचारात बोलले होते. संघटनेने त्या भाषणाची जुनी बातमी शोधून सिनेटसमोर ठेवली. कामगार संघटनाही विरोधात उभ्या राहिल्या आणि ४१ विरुद्ध ३९ मतांनी पार्कर नामंजूर झाले. त्या काळी दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतदानही करू दिले जात नव्हते! पार्करना मत देणारे सिनेटर पुढे निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा संघटनेने त्यांच्याविरुद्ध प्रचार केला. कोणी कसे मत दिले, हे ती विसरली नाही.

माझ्यासारख्या वकिलाला अधिक शिकवणारी आहे ती त्यांची न्यायालयीन लढाई. चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थरगूड मार्शल यांनी एकदम सर्व शाळांवर दावा ठोकला नाही. आधी विधी महाविद्यालयांतील प्रवेशाचे खटले घेतले. १९३८ मध्ये मिसुरीचा निकाल मिळवला, १९५० मध्ये टेक्सासचा. प्रत्येक निकाल पुढच्या खटल्याची पायरी झाला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. १९६७ मध्ये मार्शल त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाले.

या इतिहासाशी आपले नाते जुने आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवले. आज त्याच अमेरिकेत जातीच्या प्रश्नावर दबावगट समोरासमोर उभे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी तसेच विधेयक संमत केले. आंबेडकरी संघटनांनी त्यासाठी उपोषण केले. काही हिंदू संघटनांनी आपल्या समाजाला विनाकारण लक्ष्य केले जाते म्हणून कसून विरोध केला. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असे सांगून स्वाक्षरी नाकारली.

काहींना तो शेवट वाटला. त्यांनी झुंडबळीविरोधी कायद्याचा इतिहास वाचावा. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याविरुद्धचे विधेयक अमेरिकी संसदेत प्रथम १९०० साली आले. १९२२ मध्ये ते कनिष्ठ सभागृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये अडवले गेले. त्यानंतरही ते पुन्हा पुन्हा आले आणि पडले. अखेर २९ मार्च २०२२ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. तोवर १२२ वर्षे गेली होती. विधेयक मांडणारे मेले, संघटना मात्र पुढच्या पिढीच्या हाती कागद देत राहिली.

आपल्याकडे मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, छायाचित्र छापून येते आणि कार्यकर्ते घरी जातात. त्या निवेदनाचे पुढे काय झाले, हे विचारायला दुसऱ्या महिन्यात कोण जाते? कोणत्या आमदाराने कोणत्या विधेयकावर काय भूमिका घेतली, याची नोंदवही आपल्यापैकी किती शाखांकडे आहे? एका नकाराने अर्ज निकाली निघतो, प्रश्न निकाली निघत नाही. नकाराच्या दुसऱ्या दिवशी नवा अर्ज घेऊन जो दारात उभा राहतो, त्याचाच दबाव सत्तेला जाणवतो.