पहिल्या आठवड्यातले मत

राजगुरुनगरच्या शाळेत हुतात्मा राजगुरूंविषयी शिकवताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. इंग्रजीत मागे पडलेला शिवराम थोरल्या भावाचे बोलणे सहन न होऊन घराबाहेर पडला आणि पुढे काशीला संस्कृत शिकला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. मुलांना गोष्ट आवडते; ती सांगणाऱ्या आम्हा शिक्षकांना मात्र आपण गोष्टीतल्या कोणाच्या जागी उभे आहोत, हे सहसा आठवत नाही.

मलाही आठवले नव्हते. चाकणच्या कारखान्यात वडिलांना काम लागल्यामुळे बिहारमधला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या तिसरीच्या वर्गात आला. फळ्यावर ४९ लिहून वाचायला सांगितले, तर तो गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. मी त्याला मनातल्या मनात ‘ढ’ ठरवले आणि मागच्या बाकावर बसवले. महिनाभराने मधल्या सुट्टीत तो मित्रांना पाढे म्हणून दाखवत होता : ‘सात सत्ते उनचास’. बारापर्यंतचे पाढे त्याने न अडखळता म्हटले. त्याला संख्या येत होती, ‘एकोणपन्नास’ हा शब्द येत नव्हता.

मग शिक्षकांचे अंदाज सगळे चुकीचेच म्हणायचे का? नाही. २०१२ साली ७५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. शिक्षकाचा अंदाज आणि चाचणीतले गुण तंतोतंत जुळले तर १, काहीच संबंध नसेल तर ०, अशा मापाने सरासरी ०.६३ निघाली. ही जुळणी चांगलीच म्हणायची. पण हे अंदाज बहुधा वर्ग बराच काळ हाताखाली असलेल्या शिक्षकांचे असतात. पहिल्या आठवड्यातले मत ही वेगळीच चीज आहे.

रे रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एका बालवर्गात बसून काय पाहिले, ते १९७० मध्ये लिहिले. आठव्या दिवशी बाईंनी मुलांची तीन टेबलांवर कायमची वाटणी केली. तोवर एकही चाचणी झालेली नव्हती. कपडे, बोली, घरची परिस्थिती एवढ्यावरच ‘हुशार’ टेबल ठरले, आणि तेच बाईंच्या सर्वांत जवळ होते. पुढल्या इयत्तांतही ही विभागणी जवळजवळ तशीच राहिली. गंमत अशी की दुसरीपर्यंत बाईंचे मत ‘अचूक’ ठरले होते, कारण मधल्या काळात शिकवणे बहुतांशी पुढच्या टेबलाकडे तोंड करूनच झाले होते. अचूकतेचा आकडा वाचताना मला ही पायरी दिसेनाशी होते याचे भय वाटते.

रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ सालचा प्रयोग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो : चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुले निवडायची, ती लवकरच चमकतील असे शिक्षकांना सांगायचे, आणि वर्षअखेर बुद्धिमापन करायचे. लहान वर्गांत फरक दिसला. पुष्कळांनी त्यावर आक्षेपही घेतले. १९८४ मध्ये रॉडेनबुश यांनी अशा अठरा प्रयोगांची तपासणी केली, तेव्हा गुंता बराचसा सुटला. जिथे शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत होते, तिथे बाहेरून भरवलेले मत जवळजवळ चिकटलेच नाही. जिथे ओळख ताजी होती, तिथे ते चिकटले.

आपल्याकडचा एक दाखला याच्या जवळ जातो. हॅना आणि लिंडन या संशोधकांनी भारतात मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. वरच्या पानावर जात मात्र वाटेल तशी घातलेली. खालच्या मानलेल्या जातीची नोंद असेल तर गुण थोडे कमी पडत. हा फरक गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त होता. तपासणाऱ्याचा हात अजून बसलेला नसतो, तेव्हाच पानावरची जात मदतीला धावते.

आमच्या खेड तालुक्यात ही ‘सुरुवात’ फक्त जूनमध्ये येत नाही. कामगारांच्या खोल्या बदलतात, तशी मुले वर्षभर येत-जात राहतात. त्यामुळे नव्या मुलाला पहिले दोन आठवडे मी आता पुढेच बसवतो, आणि संख्या तोंडी विचारण्याऐवजी तेवढ्या काड्या मोजून द्यायला सांगतो. वर्गात पन्नासेक मुले असताना हे दर वेळी जमते असे नाही.

त्या मुलाच्या वडिलांनी पुढच्याच वर्षी काम बदलले. दाखला न्यायला आले, तेव्हा ‘अभ्यासातील प्रगती’चा रकाना रिकामा होता. मी ‘चांगली’ असे लिहिले. नव्या शाळेत त्याच्या आधी तो कागदच वाचला जाणार होता.